पायथॉनमध्ये एखाद्या फोल्डरमधले फक्त पहिल्या पातळीवरचे फोल्डर कसे मिळवावेत?

प्रश्न : दाखलनोंद

आमच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांच्या आणि हस्तलिखितांच्या स्कॅन प्रती एका लिनक्स सर्व्हरवर ठेवलेल्या आहेत. ‘स्कॅन’ नावाच्या मुख्य फोल्डरमध्ये प्रत्येक पुस्तकाचा एक फोल्डर असून त्याला दाखल क्रमांकावरून नाव दिलेले आहे. त्या प्रत्येकाच्या आत पुन्हा ‘मूळ’, ‘लहान’ आणि ‘मजकूर’ असे तीन फोल्डर आहेत आणि त्यांत पानागणिक एक फाइल आहे. याशिवाय मुख्य फोल्डरमध्ये काही सुट्या फाइलीही पडलेल्या आहेत, उदाहरणार्थ स्कॅनरने तयार केलेल्या नोंदी आणि एक-दोन एक्सेल तक्ते.

मला हवी आहे ती फक्त पुस्तकांच्या फोल्डरांची यादी. ती दाखल नोंदवहीशी ताडून कोणत्या पुस्तकांचे स्कॅनिंग राहिले आहे ते काढायचे आहे. आतले तीन फोल्डर नकोत आणि सुट्या फाइलीही नकोत.

मी आधी ‘ओएस’ मॉड्यूलमधील ‘लिस्टडिर’ने नावे घेतली आणि प्रत्येक नाव ‘इजडिर’ला देऊन पाहिले, यादी पूर्ण रिकामी आली, एररही आली नाही. मग ‘ओएस.वॉक’वर लूप चालवला. त्यात पुस्तकांचे फोल्डर मिळाले, पण त्यांच्याबरोबर आतले सगळे फोल्डरही आले आणि स्क्रिप्टला इतका वेळ लागला की ती मध्येच थांबवावी लागली. सर्व्हरवर पायथॉन ३.८ आहे आणि ती आवृत्ती बदलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. योग्य रीत कोणती?

उत्तर : संगमघाट

यादी रिकामी येण्याचे कारण आधी पाहू, कारण ते समजले नाही तर हीच अडचण दुसऱ्या रूपात पुन्हा येईल. ‘लिस्टडिर’ केवळ नावे देते, पूर्ण पाथ देत नाही. ‘इजडिर’ला नुसते नाव दिले की ते नाव स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालवली आहे तेथे शोधले जाते, ‘स्कॅन’मध्ये नाही. तेथे अर्थातच त्या नावाचे काही नसते. अशा वेळी ‘इजडिर’ तक्रार न करता ‘नाही’ एवढेच उत्तर देते, म्हणून एररही दिसत नाही. मुख्य फोल्डरचा पाथ आणि नाव ‘ओएस.पाथ.जॉइन’ने जोडून तो जोडलेला पाथ ‘इजडिर’ला द्यावा, म्हणजे आपला पहिला प्रयत्न जसाच्या तसा चालेल.

‘वॉक’च्या बाबतीत लूपची गरजच नाही. ‘वॉक’ हा जनरेटर आहे. तो एका वेळी एका फोल्डरचा पाथ, त्यातील फोल्डरांची नावे आणि त्यातील फाइलींची नावे असे त्रिकूट देतो. आपल्याला फक्त पहिले त्रिकूट हवे आहे. तेव्हा ‘वॉक’चा निकाल ‘नेक्स्ट’ला द्यावा आणि आलेल्या त्रिकुटातील दुसरा, म्हणजे क्रमांक १ चा, घटक उचलावा. वरून खाली जाण्याची जी मूळ पद्धत आहे तिच्यात पहिले त्रिकूट हाती येईपर्यंत फक्त मुख्य फोल्डर वाचून झालेला असतो आणि पुस्तकांच्या आत कोणीही डोकावलेले नसते. वेळेचा प्रश्न तेथेच मिटतो.

उत्तर : जुनाटर्मिनल

वरील युक्ती चालते, हे मान्य. तरीही कायम वापरात राहणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य फोल्डरचा पाथ चुकला किंवा तो वाचण्याची परमिशन नसली तर ‘वॉक’ ती अडचण गिळून टाकतो. अडचण कळवण्यासाठी त्याला वेगळे फंक्शन द्यावे लागते, आणि ते न दिल्यास तो काहीच न देता संपतो. मग ‘नेक्स्ट’ला काही मिळत नाही आणि आपल्यासमोर ‘स्टॉप-इटरेशन’ नावाची एक एरर उभी राहते, जिच्यावरून फोल्डर सापडला नाही हे कोणालाही उमगणार नाही. ती टाळण्यासाठी कोणी ‘नेक्स्ट’ला रिकाम्या याद्यांचे त्रिकूट पर्यायी उत्तर म्हणून दिले, तर स्थिती आणखी बिघडते. मग चुकीच्या पाथलाही ‘एकही पुस्तक नाही’ असे शांत उत्तर मिळते आणि आपली ताडणी सगळी नोंदवहीच राहिलेली म्हणून दाखवते.

याऐवजी ‘ओएस.स्कॅनडिर’ वापरावे. ‘विथ’च्या साहाय्याने ‘स्कॅनडिर’ उघडावे, त्यातून येणाऱ्या प्रत्येक नोंदीला ‘इज-डिर’ विचारावे आणि उत्तर होकारार्थी असेल तर तिचे ‘नेम’ यादीत घालावे. नोंदीच्या ‘पाथ’मध्ये जोडलेला पाथ आधीच तयार असल्याने ‘जॉइन’ विसरण्याचा प्रश्न उरत नाही. मुख्य फोल्डर नसेल तर ‘फाइल-नॉट-फाउंड’ आणि परमिशन नसेल तर ‘परमिशन’ अशा नावांच्या एरर येतात, त्यामुळे कोठे अडले ते लगेच कळते.

वेगाचे गणितही पाहण्यासारखे आहे. लिनक्समध्ये फोल्डर वाचताना कर्नल प्रत्येक नावाबरोबर ते फाइल आहे, फोल्डर आहे की लिंक आहे, हा प्रकारही बहुतेक फाइल सिस्टिमवर देत असतो. विंडोजमध्ये तर आकार आणि तारखाही त्याच फेरीत मिळतात. ‘लिस्टडिर’ ही सगळी माहिती टाकून फक्त नावे हातात ठेवते, आणि मग ‘इजडिर’साठी प्रत्येक नावामागे एक नवा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे नवी विचारणा, करावा लागतो. हजारो नावे असतील आणि डिस्क नेटवर्कवरून जोडलेली असेल तर हे कॉल चांगलेच महाग पडतात. ‘स्कॅनडिर’ आलेली माहिती नोंदीबरोबर सांभाळून ठेवते. बेन हॉइट यांनी पेप ४७१ (‘पेप’ म्हणजे पायथॉनमधील सुधारणांचा क्रमांकित प्रस्ताव) मध्ये हा प्रस्ताव मांडला आणि २०१५ च्या पायथॉन ३.५ मध्ये तो आला. त्या प्रस्तावातच असे नोंदवले आहे की, ‘वॉक’ला ‘स्कॅनडिर’वर आणल्यामुळे तो विंडोजवर सुमारे ८ ते ९ पट आणि लिनक्ससारख्या प्रणालींवर २ ते ३ पट वेगवान होतो. म्हणजे आजचा ‘वॉक’ही आतून ‘स्कॅनडिर’च वापरतो. संगमघाट यांच्या युक्तीला माझा आक्षेप वेगासाठी नाही, तर अडचण लपवण्यासाठी आहे.

काही फाइल सिस्टिम प्रकार सांगत नाहीत, ‘अज्ञात’ असे उत्तर देतात. तेथे ‘इज-डिर’ स्वतःहून जास्तीचा कॉल करते. आपल्याला कोडमध्ये काही बदलावे लागत नाही.

उत्तर : संगमघाट

आक्षेप योग्य आहे. ज्यांना ‘पाथलिब’ हे पाथ हाताळण्याचे मॉड्यूल आवडते त्यांच्यासाठी एक भर घालतो. ‘पाथ’ ऑब्जेक्टचे ‘इटरडिर’ घेऊन त्यातील ‘इज-डिर’ होकार देणाऱ्या गोष्टी निवडल्या तरी हेच काम होते आणि कोड वाचायला अधिक सोपा दिसतो. मात्र ‘ग्लॉब’ला तारका आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन फक्त फोल्डर मागण्याची जी रीत अनेक ठिकाणी सांगितली जाते ती आपल्या ३.८ वर ‘पाथलिब’मध्ये चालणार नाही. शेवटची तिरकी रेघ तेथे दुर्लक्षिली जाते आणि फाइलीही येतात. हे वर्तन ३.११ मध्ये सुधारले. स्वतंत्र ‘ग्लॉब’ मॉड्यूल जुन्या आवृत्त्यांतही फक्त फोल्डर देते, पण टिंबाने सुरू होणारी नावे वगळते. ‘पाथलिब’चे ‘ग्लॉब’ मात्र ती वगळत नाही. एकाच नावाच्या दोन फंक्शनांनी असे वेगळे वागावे हे मला आजही पटलेले नाही.

दाखलनोंद

दोघांचेही आभार. ‘स्कॅनडिर’ने यादी लगेच आली. मात्र ती पाहिल्यावर तीन शंका उभ्या राहिल्या आहेत. एक, यादीत ‘लॉस्ट-प्लस-फाउंड’ नावाचा एक फोल्डर आहे, जो आमच्यापैकी कोणीही तयार केलेला नाही आणि उघडतही नाही. दोन, जागा अपुरी पडल्यामुळे काही पुस्तके दुसऱ्या डिस्कवर हलवून त्यांच्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणाऱ्या लिंक, ठेवल्या आहेत. त्या यादीत येतात, पण नेहमी येतील का? तीन, यादीचा क्रम काहीच्या काही आहे.

उत्तर : जुनाटर्मिनल

‘लॉस्ट-प्लस-फाउंड’ निरुपद्रवी आहे. एक्सटी४ प्रकारची डिस्क तयार करताना तिच्या मुळाशी हा फोल्डर आपोआप बनतो आणि डिस्कच्या दुरुस्तीत मालक न सापडलेल्या फाइली त्यात टाकल्या जातात. तो फक्त ‘रूट’ला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, उघडता येतो. आपला ‘स्कॅन’ फोल्डर म्हणजेच त्या डिस्कचा माउंट पॉइंट, म्हणजे ती जेथे जोडली जाते ती जागा, आहे, असा याचा अर्थ. तो पुसू नये, नावाने वगळावा. टिंबाने सुरू होणारी नावेही अशीच वगळावीत, कारण फाइल मॅनेजरची कचरापेटी बहुधा त्याच रूपात बसलेली असते. यापेक्षा चांगला उपाय असा, की दाखल क्रमांकाच्या साच्यात बसणारी नावे तेवढी घ्यावीत आणि न बसणारी वेगळी छापावीत. काय टाकायचे याची यादी वाढतच जाते; काय घ्यायचे याचा साचा मात्र आपल्या हातात असतो.

सिमलिंकचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘इज-डिर’ मूळ स्वरूपात लिंकच्या मागे जाऊन पाहते, म्हणून फोल्डरकडे जाणारी लिंक फोल्डरच धरली जाते. लिंक नको असतील तर ‘फॉलो-सिमलिंक्स’ला ‘फॉल्स’ द्यावे. पण आपल्याला त्या हव्या आहेत, तेव्हा ते देऊ नये. धोका आहे तो दुसरी डिस्क जोडलेली नसताना. सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि ती डिस्क माउंट झाली नाही, तर लिंक कोठेच पोहोचत नाही. अशा तुटलेल्या लिंकला ‘इज-डिर’ एरर न देता ‘नाही’ म्हणते आणि ती पुस्तके यादीतून गुपचूप गळतात. मग आपली ताडणी सांगणार की या पुस्तकांचे स्कॅनिंग राहिले आहे, आणि कोणीतरी ती नाजूक पाने पुन्हा स्कॅनरखाली ठेवणार. म्हणून लूपमध्ये आणखी एक तपासणी घालावी. नोंद ‘इज-सिमलिंक’ आहे पण ‘इज-डिर’ नाही, असे आढळले तर तिचे नाव वेगळ्या यादीत घालावे आणि ती यादी रिकामी नसेल तर ताडणी पुढे चालवूच नये. फाइलीकडे जाणाऱ्या लिंकही या जाळ्यात सापडतील, पण ‘स्कॅन’मध्ये तशा लिंक असण्याचे कारण दिसत नाही.

मुख्य डिस्कबाबत याच धोक्याचे दुसरे रूप आहे. माउंट पॉइंट हा स्वतः एक साधा फोल्डर असतो आणि डिस्क जोडलेली नसतानाही तो जागेवरच असतो, फक्त रिकामा. त्यामुळे ‘फाइल-नॉट-फाउंड’ येणार नाही, रिकामी यादी येईल. सुरुवातीलाच ‘ओएस.पाथ.इजमाउंट’ विचारून नकार आला तर स्क्रिप्ट थांबवावी.

परमिशनची एक बारीक गोष्ट. लिनक्समध्ये फोल्डरवरची ‘रीड’ परमिशन म्हणजे त्यातील नावे वाचण्याची मुभा आणि ‘एक्झिक्यूट’ परमिशन म्हणजे त्यातून पुढे जाण्याची मुभा. मुख्य फोल्डरवर पहिली असेल आणि दुसरी नसेल तर नावे दिसतात, पण त्या नावांविषयी आणखी काही विचारता येत नाही. ‘लिस्टडिर’ आणि ‘इजडिर’ यांची जोडी अशा ठिकाणी पुन्हा रिकामी यादी देईल, तर ‘स्कॅनडिर’ला प्रकार आधीच कळलेला असल्याने ती साधे फोल्डर ओळखेल. सर्व्हर एकाच्या नावावर आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच्या नावावर चालत असेल तर हा फरक प्रत्यक्ष भोवतो.

उत्तर : वर्णानुक्रम

क्रमाविषयी लिहितो, कारण मराठी नावे असतील तर हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

‘स्कॅनडिर’, ‘लिस्टडिर’ आणि ‘इटरडिर’ यांपैकी कोणीही क्रमाची हमी देत नाही. फाइल सिस्टिम ज्या क्रमाने नोंदी देते त्याच क्रमाने त्या येतात, आणि एक्सटी४ वर मोठ्या फोल्डरांची अनुक्रमणिका नावाच्या हॅशवर, म्हणजे नावावरून काढलेल्या एका आकड्यावर, लावलेली असल्याने तो क्रम माणसाला निरर्थक दिसतो. ‘सॉर्टेड’ वापरले की यादी स्थिर होते, पण ती अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार लागते. त्यामुळे ‘दाखल १०’ हे ‘दाखल २’च्या आधी येते. नावातील अंक वेगळे काढून त्यांचे ‘इंट’ने संख्येत रूपांतर करून ती संख्या ‘की’ म्हणून द्यावी. पायथॉनच्या ‘इंट’ला देवनागरी अंक चालतात आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील अंकांची खूणही साध्या मजकुरात ते ओळखते, त्यामुळे काही फोल्डरांवर देवनागरी आणि काहींवर रोमन अंक असले तरी क्रम बरोबर लागतो.

अक्षरांत मात्र असे सुख नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जागा आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे ‘सॉर्टेड’ ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी लावते, आणि कोशाच्या क्रमाची सवय असलेला ग्रंथपाल ते लगेच चूक म्हणून दाखवतो. यासाठी ‘आयसीयू’ लायब्ररीतील मराठीची क्रमव्यवस्था वापरता येते. केवळ दाखल क्रमांकांसाठी एवढा खटाटोप नको. संग्रहांना गावांची किंवा देणगीदारांची नावे असतील तरच करावा.

ताडणीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ‘ऱ’ची आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव दोन प्रकारे साठवता येते. एकात ‘ऱ’ हे एकच अक्षर असते, दुसऱ्यात ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पायथॉनला मात्र ती वेगळी वाटतात. मॅक संगणकांची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावे फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे, साठवत असे, तर एक्सटी४ मूळच्या स्थितीत आपण दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवते. त्यामुळे एका संगणकावर तयार झालेला फोल्डर आणि दुसऱ्यावर टंकलेली नोंदवही यांत ‘कऱ्हाड संग्रह’ एकाच वेळी हजरही असेल आणि गैरहजरही. उपाय सोपा आहे. ताडण्याआधी दोन्ही बाजूंची नावे ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइज’ला ‘एनएफसी’ (जोडलेले रूप) हा प्रकार सांगून एकाच रूपात आणावीत. फोल्डर उघडण्यासाठी मात्र डिस्कवरून आलेले मूळ नावच वापरावे, कारण नॉर्मलाइज केलेल्या नावाचा फोल्डर लिनक्सला सापडणार नाही.

आणखी एक अडचण लांब नावांची. एक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काना-मात्रा वेगवेगळ्या मोजून ८५ चिन्हांत नाव संपायला हवे. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे, त्यामुळे तेथे ग्रंथाचे पूर्ण शीर्षक नाव म्हणून दिलेले फोल्डर इकडे आणताना अडतात.

उत्तर : काळीखिडकी

एवढ्यासाठी पायथॉनच हवे असे नाही. लिनक्सच्या ‘फाइंड’ आज्ञेला ‘मिनडेप्थ’ १, ‘मॅक्सडेप्थ’ १ आणि ‘टाइप’ला ‘डी’ दिले की पहिल्या पातळीवरचे फोल्डर मिळतात. सिमलिंक हव्या असतील तर मोठ्या लिपीतला ‘एल’ हा पर्याय सुरुवातीला द्यावा. निकाल दुसऱ्या आज्ञेला द्यायचा असेल तर ‘प्रिंट०’ वापरावे, कारण लिनक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही, अगदी नवी ओळसुद्धा, नावात असू शकते.

नुसती संख्या हवी असेल तर फोल्डर वाचण्याचीही गरज नाही. ‘स्टॅट’ने त्याची लिंकसंख्या पाहावी आणि तिच्यातून २ वजा करावेत. प्रत्येक उपफोल्डर आपल्या ‘दोन टिंबां’मधून वरच्या फोल्डरकडे बोट दाखवतो, म्हणून हा हिशेब जुळतो.

उत्तर : जुनाटर्मिनल

हा हिशेब परंपरेने चालत आलेला आहे, नियम नव्हे. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर फोल्डरची लिंकसंख्या नेहमी १ असते. एक्सटी४ वरही उपफोल्डर सुमारे ६५,००० च्या पुढे गेले की ती १ करून टाकली जाते. शिवाय त्यात सिमलिंक मोजल्या जात नाहीत आणि ‘लॉस्ट-प्लस-फाउंड’ मोजला जातो, म्हणजे येथे तो दोन्ही बाजूंनी चुकेल. कुतूहल म्हणून पाहायला हरकत नाही, पण अहवालात ती संख्या घालू नये.

दाखलनोंद

तुटलेल्या लिंकची तपासणी आणि ‘नॉर्मलाइज’ दोन्ही घातले. ‘ऱ’मुळे अडलेली नावे खरोखरच निघाली, गिऱ्हाईक, वऱ्हाड आणि कऱ्हाड हे शब्द असलेले सगळे फोल्डर ‘राहिलेले’ म्हणून दिसत होते, ते आता जुळले. शेवटची विचारणा अशी की, पुढे या प्रती ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीवर ठेवण्याचा विचार चालू आहे. तेथेही हाच कोड चालेल का?

उत्तर : संगमघाट

चालणार नाही, कारण नेहमीच्या एस३ बकेटमध्ये (‘बकेट’ म्हणजे तेथील साठवणीचा कप्पा) फोल्डर नसतातच. तेथे प्रत्येक फाइल एका लांब नावाने ठेवलेली असते आणि त्या नावातील तिरक्या रेघा या साधी अक्षरे असतात; फोल्डर दिसतात ते दाखवणाऱ्या स्क्रीनच्या सोयीसाठी. पहिल्या पातळीची यादी हवी असेल तर नावे मागताना ‘प्रीफिक्स’मध्ये ‘स्कॅन’ आणि तिरकी रेघ, तर ‘डिलिमिटर’मध्ये नुसती तिरकी रेघ द्यावी. मग उत्तरातील ‘कॉमन-प्रीफिक्सेस’ या भागात आपल्याला हवी असलेली नावे येतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला तोच ‘प्रीफिक्स’ आणि शेवटी तिरकी रेघ असते, ती दोन्ही काढून टाकावीत.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. एका उत्तरात जास्तीत जास्त १,००० नोंदी येतात, त्यामुळे पुढील पानाची खूण येत असेपर्यंत पुन्हा मागणी करत राहावे लागते. ‘बोटो३’ या ॲमेझॉनच्या पायथॉन लायब्ररीतील ‘पेजिनेटर’ हे काम करतो. आणि ज्या पुस्तकाचा फोल्डर आज रिकामा तयार करून ठेवलेला आहे, तो एस३ वर फक्त फाइली चढवल्यास पोहोचणारच नाही. आपल्या ताडणीत ‘फोल्डर आहे पण पाने नाहीत’ असा वेगळा गट असेल, तर तो स्थलांतराच्या आधीच सर्व्हरवर काढून घ्यावा.